बंद गाडीतला चालू पंखा

गाडी बंद केली, चावी पर्समध्ये टाकली, आबांना धरून डायलिसिसच्या दारापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन पाहते तर बॉनेटच्या आत पंखा फिरतोच आहे. साधा फिरत नव्हता. मळणी यंत्र दाणे संपल्यावर रिकामं धडधडतं ना, तसा. दौंडच्या त्या दवाखान्याच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक झाडाखाली बसलेले असतात. ते सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी चावी पुन्हा लावली, फिरवली, काढली. पंखा थांबला नाही.

बाळांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला विचारायचात, "आजी, बोलता बोलता तू सारखी उठून कुठे जातेस?" तेव्हा मी "दूध बघून येते" असं सांगत असे. दूध नव्हतं. मी अंगणात गाडीपाशी जाऊन कान देत होते. ते सगळं काय चाललं होतं ते आता नीट, पहिल्यापासून लिहिते.

गाडी तुम्हाला आठवत असेल. लांब, करड्या रंगाची, मागच्या सीटवर तुम्ही दोघं आडवे झोपलात तरी जागा उरायची. एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे मोठे साहेब बदलून गेले तेव्हा तुमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, ती जुनीच घेतली होती. आपल्या वस्तीवर ट्रॅक्टर, पिकअप आणि बुलेटच्या ओळीत ती उभी राहिली की लग्नात चुकून भलत्याच मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखी दिसायची. लोक हसायचे. पण आबांचं डायलिसिस सुरू झालं आणि ती चैनीची गाडी एकदम गरजेची झाली. मशीनवरून सुटल्यावर त्यांच्या अंगात काही उरत नाही. तेव्हा मागे आडवं पडून घरी यायचं असतं, आणि न्हावऱ्यापासून पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची जी चाळण केली आहे ती या गाडीत तेवढी अंगाला लागत नाही. आठवड्यातून दोनदा आम्ही जायचो: न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, पाटस, दौंड. चालवायची मी.

तुमच्या बाबांना हे मान्य नव्हतं. त्यांनी तिकडे बसून पुण्यात एक फ्लॅट शोधला होता, डायलिसिस सेंटरच्या शेजारच्याच इमारतीत. "आई, तू या वयात महामार्गावर गाडी चालवतेस, आणि गाडी ही अशी. एकदा रस्त्यात बंद पडली तर?" मी म्हणायची, बंद पडलेली नाही. आबा शेजारून ओरडायचे, "पुण्यात जाऊन खिडकीतनं काय बघू? दुसऱ्याची खिडकी?"

मी पुण्याचीच मुलगी. पुण्याला जायचं मला ओझं नव्हतं. पण डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा काठी घेऊन कांद्याच्या वाफ्यांना चक्कर मारायचे, मजुरांना दोन शिव्या द्यायचे, बारं फोडून पाटाचं पाणी कुणी वळवलं म्हणून भांडायचे. भांडण करून आले की न सांगता भाकरी खायचे. पुण्यात ते कुणाशी भांडणार? जेवण कशाच्या जोरावर जाणार? म्हणून गाडी बिनबोभाट चालायला हवी होती. गाडी गेली की घर गेलं, इतकं ते सरळ होतं. आणि नेमका तेव्हाच हा पंखा.

मी गाडीचं पुस्तक काढलं. जाडजूड, इंग्रजीत, कप्प्यात नवंकोरं पडलं होतं. शाळेत शिकवताना पोरांना मी सांगायची तेच स्वतःला सांगितलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग फरक पाहायचा. आधी एसी बंद करून दौंडपर्यंत गेले. घामाने दोघंही भिजलो, पंखा फिरतच होता. मग दवाखान्याजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. चाळिशीचा, बोलका माणूस, तोंडात कायम बडीशेप. त्याने बॉनेट उघडलं, फ्यूजच्या डबीतला काळा चौकोनी रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारा खटका, उपटला आणि पंखा गप्प झाला. मला इतकं बरं वाटलं की मी तिथल्या टायरवरच बसले.

"बसू नका आजी, आजून कुठं काय," तो म्हणाला. हॉर्नचा रिलेही त्याच मापाचा होता. त्याने हॉर्नचा पंख्याला लावला आणि पंख्याचा हॉर्नला. पंखा पुन्हा धडधडायला लागला. हॉर्न दाबला तर तोही ठणठणीत वाजला. म्हणजे रिले बरा होता.

"उंदरानं वायर खाल्ली आसंल," शेजारचा पंक्चरवाला म्हणाला. त्याच्याकडे आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "उंदीरच. आमच्या पिकअपची बी अशीच खाल्ली." वायर कुठेच खाल्लेली नव्हती. तरी घरी आल्यावर आबांनी तंबाखूच्या पानांची पुरचुंडी इंजिनावर बांधली. पुढचे कितीतरी दिवस गाडीत बसलं की पानपट्टीत बसल्यासारखं वाटायचं.

मग उष्णता मोजणारा सेन्सर बदलला. पंखा चालूच. इलेक्ट्रिशियनने डोकं खाजवलं आणि मला दहा नंबरचा पाना दिला. "पत्ता लागंस्तवर बॅटरीची केबल सोडून ठेवत जा. न्हाईतर बॅटरी बसंल."

तेव्हापासून माझा क्रम ठरला. आबांना आत सोडायचं, पदर खोचायचा, बॉनेट उघडायचं, केबल सैल करायची. पंखा एक सुस्कारा टाकून थांबायचा. मी झाडाखाली जाऊन बसायची, पण पुस्तक काढलं तरी एक पान पुढे सरकत नसे. केबल नीट सुटली का, कुणी हात तर लावला नाही ना, म्हणून पुन्हा उठायची. बायका मला विचारायच्या, "आजी, तुमचा पेशंट आत हाय का बाहेर?"

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. बॅटरी आधीच कितीदा तरी खाली बसून उठलेली होती. आबा बाहेर आले, मागे आडवे झाले, मी केबल जोडली, चावी फिरवली. नुसतं टिकटिक. पुन्हा फिरवली. तेही नाही.

झाडाखालचे चार पुरुष न बोलावता आले आणि गाडीला मागून भिडले. "आजी, दुसऱ्यात टाका, आन् आम्ही ढकलल्यावर क्लच सोडा!"

"हिला क्लच नाही हो. ऑटोमॅटिक आहे. धक्क्यावर चालू होत नाही."

"क्लच न्हाई?" एकजण हात झटकत म्हणाला. "एवढी मोठी गाडी आन् क्लच न्हाई? मंग उपेग काय तिचा?"

मागच्या सीटवरून आबा डोळे मिटूनच म्हणाले, "झोपायला बरी हाय."

शेवटी बाजारात झेंडू टाकून परतणाऱ्या एका पिकअपवाल्याने आम्हाला घरी सोडलं. आबांना पुढे बसवलं. मी मागे रिकाम्या क्रेटांमध्ये, एका हाताने लोखंडी दांडा धरून, केबिनच्या काचेतून त्यांचं डोकं पाहत बसले. प्रत्येक खड्ड्याला ते डोकं एकदा खिडकीला टेकायचं, एकदा पुढे जायचं. पारगावच्या पुलाआधी गाडी थांबवावी लागली. त्यांना उलटी झाली. पाय हाताला लागले ते माठासारखे गार. पिकअपवाला बिचारा पाण्याची बाटली घेऊन उभा होता, "आबा, जरा दम खा, घाई न्हाई," म्हणत होता. मला घाई होती. पण ती कुणावर काढणार?

तुमच्या बाबांना मी सांगितलं नव्हतं. आबांनीच सांगितलं, तेही फुशारकीने, पिकअपमध्ये बसून आलो म्हणून. बाबा फोनवर म्हणाले, "आई, महिनाअखेरीला मी फ्लॅटचं नक्की करतो. आता वाद नको." मी वाद घातला नाही. महिनाअखेरीपर्यंतचा वेळ माझा आहे, एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दौंडला जाऊन नवी बॅटरी घातली, गाडी घरी आणली आणि पुढच्या खेपेला मी पंख्याचा विचार सोडून बाकी सगळं पाहायचं ठरवलं. पाटसला पोचलो तेव्हा माझी नजर उष्णतेच्या काट्यावर गेली. तो खाली, निळ्या खुणेच्या जवळ लोळत होता. उन्हाचा तडाखा, एवढं अंतर तोडलेलं, आणि काटा जणू आत्ताच झोपेतून उठला आहे. खरं तर तो वर्षभर तिथेच असायचा. मी तो रोज पाहत होते आणि रोज मनात म्हणत होते, गार आहे, छान आहे. दौंडला पोचल्यावर मी पुस्तकातलं चित्र काढलं. चित्रातला काटा बरोबर मध्यावर होता.

मी तशीच इलेक्ट्रिशियनकडे गेले. "इंजिन गरमच होत नाही," मी सांगितलं.

तो हसायलाच लागला. "आजी, लोकं गाडी गरम होती म्हणून माझ्याकडं येत्यात. तुम्ही गार ऱ्हाती म्हणून आल्या! चांगलंच हाय की."

"चांगलं नाही. या गाडीच्या संगणकाला ठरावीक उष्णतेची अपेक्षा आहे. ती येतच नाही, म्हणून त्याला वाटतं आपल्याला नीट कळत नाहीये. वर्षभर त्याने कळ काढली असेल, आता भीतीने पंखा चालूच ठेवतो. उगाच धोका नको म्हणून."

त्याने बडीशेप चघळणं थांबवलं. "म्हंजी माझ्या बायकोसारखं," तो म्हणाला. "फोन लागला न्हाई की सगळ्या पाव्हण्यांना फोन." मग स्कॅनर लावून त्याने पाहिलं. तिथेही तेच आलं: इंजिन हवं तितकं तापत नाही. "थर्मोस्टॅट उघडा अडकला आसंल. इंजन तापेपर्यंत पाणी अडवून धरायचा व्हाल्व असतो तो. काढून बघू."

पाणी काढलं. ते चहासारखं तांबूस निघालं, आणि खाली पांढऱ्या खपल्या बसल्या. बोअरचं पाणी. आपल्या न्हाणीघरातल्या बादलीला बसतो तोच क्षार. मग त्याने व्हाल्वच्या घराचे बोल्ट सोडले, आत बोट घातलं, मोबाइलच्या उजेडात पाहिलं आणि मला बोलावलं.

"आजी, हितं काहीच न्हाई."

"काहीच नाही म्हणजे?"

"व्हाल्वच न्हाई. मोकळं घर हाय."

मी तरातरा दवाखान्यात गेले. डायलिसिसच्या हॉलमध्ये सगळे आपापल्या खाटांवर डोळे मिटून पडलेले असतात, मशीनचा आवाज तेवढा. आबांच्या खाटेशी वाकून मी हळूच विचारलं, "अहो, गाडीतला व्हाल्व कुठे आहे?"

त्यांनी एक डोळा उघडला. "कंचा व्हाल्व?"

"पाणी अडवणारा. इंजिनातला."

"तो व्हय!" त्यांचा आवाज एकदम सगळ्या हॉलमध्ये गेला. "तो तर मी कवाच काढून टाकला. तू पोरांकडं गेली हुतीस ना, तवा. कांद्याच्या लिलावाला निघालो आन् काटा पार लालमधी. शिरूरच्या मिस्त्रीला म्हणलं, काढ तो व्हाल्व. पाणी मोकळं फिरू दे. तवापासून कशी गार हाय, बघतीस ना!"

"आणि पाणी?"

"रोज सकाळी बघतो. कमी आसंल तर बोअरचं टाकतो. ट्रॅक्टरला टाकतो तसंच." मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा. "आपल्या एका तरी ट्रॅक्टरला तो व्हाल्व ठिवलाय का आजवर? जीपला हुता का? काय झालं त्यांना?"

पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ डोळे न उघडताच म्हणाले, "बरोबर हाय आबांचं. म्या बी काढलाय."

नर्स आली आणि मला बाहेर घेऊन गेली. आबांचं बीपी वाढत होतं. माझंही वाढलं असेल, पण ते मोजायला तिथे खाट रिकामी नव्हती.

आपल्याकडे खरंच सगळे काढतात. गाडी तापली की मिस्त्री आधी व्हाल्व काढतो, आणि जुन्या इंजिनांचं त्यावाचून फारसं अडतही नाही. या गाडीचंच तेवढं अडलं. मी आबांना रागावले नाही. त्यांना वाटत होतं त्यांनी गाडी वाचवली आहे.

व्हाल्व पुण्याहून मागवला. तो येईपर्यंतच्या खेपा मी पाना हातात घेऊनच केल्या. मग तो बसला, आतला क्षार धुऊन निघाला, योग्य ते हिरवं कूलंट भरलं. इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवलं, काटा हळूहळू चढून मध्यावर आला आणि थांबला. चावी फिरवली. गाडी बंद. पंखा बंद. आवारात मला पहिल्यांदाच चिमण्या ऐकू आल्या.

माझं काम संपलं असं मला वाटलं. पण त्या दिवशी परतताना, चौफुल्याच्या पुढे, आबा मागून उठून बसले. आरशात मला त्यांचे डोळे दिसले. ते काट्याकडे पाहत होते.

"थांबव," ते म्हणाले.

"काय झालं? मळमळतंय का?"

"गाडी तापली. काटा बघ कुठं गेलाय."

"तो तिथेच असायला हवा. पुस्तकात आहे तसं."

"तुझ्या पुस्तकाला रस्त्यात बंद पडायचं न्हाई. थांबव म्हणतो ना!"

मी थांबवली. ते उतरले, दम लागत असताना बॉनेटपाशी गेले, कान लावला. "पंखा बी फिरत न्हाई. काटा वर आन् पंखा बंद. ही पेटणार." मी समजावलं, शपथ घातली. ते बसले, पण आडवे झाले नाहीत. घरापर्यंत काट्यावरची नजर काढली नाही. ज्या आडवं पडण्यासाठी ही सगळी खटपट, तेच गेलं. दारात उतरताना म्हणाले, "त्याला सांग फ्लॅट बघ म्हणावं. ह्या गाडीत मी बसत न्हाई. रस्त्यात मरण्यापरीस खिडकी बरी."

बोलून ते आत गेले. मी अंगणात गाडीपाशी उभी राहिले. मलाही खात्री होती का? पुस्तकावर होती. पण गार गाडीवर आपण जितका विश्वास टाकतो तितका मध्यावरच्या काट्यावर टाकायला मलाही जड जात होतं. वर्षभराची सवय माझीही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आबा जेवून झोपल्यावर, मी गाडी काढली. मुद्दाम ऐन उन्हात. एसी लावला, न्हावऱ्यापर्यंत ट्रॉल्यांच्या मागे रांगत गेले, पुढे चौफुल्याला महामार्गाला लागल्यावर पाय दाबला. काटा मध्यावर. दौंडला दवाखान्याच्या आवारात गाडी बंद करून झाडाखाली बसले, पेशंटशिवाय. एक बाई म्हणाली, "आज तुमचा वार न्हाई की." मी म्हटलं, "नाही." तिने सरकून जागा दिली. केबलला मी हात लावला नाही. पुरेसा वेळ बसून उठले, चावी फिरवली. पहिल्याच फटक्याला चालू.

परत आले तेव्हा आबा फाटकात काठी टेकून उभे होते. भर उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून.

"सांगून जायचं न्हाई का? कुठं गेली हुतीस?"

"दौंडला."

"कशाला?"

"जाऊन आले. एवढंच."

मी अंगणात गाडी उभी केली आणि चावी काढली. आणि पंखा सुरू झाला.

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून बॉनेटकडे पाहत राहिले. मीही गाडीतच बसून राहिले, हात स्टीअरिंगवर. पुस्तकात हेही होतं, की फार तापलेल्या दिवशी गाडी बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरू शकतो. ते मला पाठ होतं. तरी माझं मन पाना कुठे ठेवला ते शोधायला लागलं होतं.

पंखा फिरत राहिला. गोठ्यातली गाय मान वर करून पाहायला लागली. मग आवाज खाली आला, आणखी खाली आला, आणि थांबला. आपलाआपण.

आबांनी जवळ येऊन बॉनेटवर पालथा हात ठेवला, ताप बघतात तसा. "गरम हाय," ते म्हणाले.

"हो. काम करून आलीय."

मग म्हणाले, "सकाळी त्यो बोअरच्या पाण्याचा डबा मी उचलून ठिवतो. परत कुणी पाणी घालायला नको." कुणी म्हणजे कोण ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी तुमच्या बाबांना फोन केला. फ्लॅटवाल्याला नाही सांग, म्हटलं. ते म्हणाले, "आई, आणि पुन्हा काही झालं तर?" मी म्हटलं, तर पुन्हा शोधू काय झालं ते. त्यांनी सुस्कारा टाकला, पण नकार कळवला.

पुढच्या वारी आबा मागे बसले, पण चौफुल्यापर्यंत ताठच. पाटसच्या अलीकडे मी आरशात पाहिलं तर आरशात फक्त सीटची पाठ होती. ते आडवे झाले होते. मी काट्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं, आणि वेग तसाच ठेवला.